निधीअभावी सुखी कसे राहावे

परवा पुस्तक परत करायला वाचनालयात गेलो तर दाराला कुलूप. कुलपाच्या वर कागद चिकटवलेला : ‘निधीअभावी वाचनालय व अभ्यासिका आठवड्यातून दोनच दिवस, दुपारी 2 ते 4.’ वार त्या दोनातलाच होता, वाजले होते अडीच. कागदावर लिहिलंय म्हणजे दार उघडं असेल, असा बावळट समज तुमचाही असेल, तर पुढच्या सूचना खास तुमच्यासाठी.

आधी चिडणं सोडा. अंदाजपत्रकाला कात्री लावायची तर ती लावणार कुठे? गावाच्या वेशीवरची कमान सिमेंटची, ती कापली जात नाही. पुस्तकं कागदाची असतात.

घेतलेलं पुस्तक परत करू नका. नव्या खरेदीची तरतूद गेलीच आहे, निदान एक प्रत वाळवीच्या तावडीतून सुटेल. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पाचवा म्हणजे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आमच्याकडे तो अक्षरशः पाळतात. धूळ वाढते, वाळवी वाढते, कुलपावरचा गंज वाढतो.

वर्तमानपत्रं बंद झाली? शेजाऱ्याचं मागा.

आता घरकुल. यादीत नाव आलं असेल तर अभिनंदन, पेढे मात्र इतक्यात वाटू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या गावात घरामागे केंद्राच्या नियमानं 1 लाख 20 हजार मिळतात, 2016 पासून हाच आकडा. सिमेंट-वाळूवाल्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. झेडपीच्या सेसमधून, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीतून, थोडी जोड मिळायची, तीही यंदा वाचनालयाच्या जोडीनं गेली. तेव्हा उसनवारी करून जोतं बांधा आणि त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घ्या. जिओ टॅग झालं, म्हणजे फोटोवर जागेची नोंद चढली, की हप्ता पडतो म्हणतात. नाही पडला तर पंचायत समितीत जा. ‘वरून आलं नाही’ हे उत्तर मिळेल. वर म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं नसतं. पुन्हा गेलात तर साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा गेलात तर जुना फोटो दिसत नाही, नवा काढा. तोवर जोत्यावर कमरेइतकं गवत उगवलेलं असतं. मग गवत कापा, फोटो काढा, आणि परत गवत उगवायची वाट बघा.

आमच्या गल्लीतलं एक कुटुंब असं दोन पावसाळे जोत्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत काढतंय. पाच माणसं, एक बल्ब. थोरली पोरगी भरतीची तयारी करते. घरात पाय पसरायला जागा नाही म्हणून ती अभ्यासिकेत बसायची. आता तिनं काय करावं? सोपं आहे. वाचनालयासमोर नवा सेल्फी पॉइंट झालाय, लाल बदामासकट ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव. तो पहाटेपर्यंत झगमगतो. त्या बदामाखाली बसावं आणि चालू घडामोडी पाठ कराव्यात.

हे मी गमतीनं लिहायला घेतलं होतं. पण ती खरंच तिथे बसते. परवा रात्री मी डोळ्यांनी पाहिली, मांडीवर वही, अंगाभोवती डास, आणि मागे बंद दार.

आता सूचनाबिचना राहू द्या. 73व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची यादी. 29 विषय आहेत तिच्यात. दहावा ग्रामीण गृहनिर्माण, विसावा ग्रंथालये. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली, सेल्फी पॉइंट कुठे सापडला नाही. झगमगाटाचं वीजबिल भरायला पैसे आहेत आणि अभ्यासिकेतल्या दोन ट्यूबलाइटना निधी नाही? कुणाला सांगता हे? एकाच घराचं छप्पर अडवायचं आणि त्याच घरातल्या पोरीचं टेबलही काढून घ्यायचं, वर त्याला काटकसर म्हणायचं! सभेत हात वर करून ही तरतूद कापणाऱ्या सगळ्या सदस्यांनी एक रात्र त्या बदामाखाली बसून दाखवावं. आणि तुम्ही-आम्ही, कागद वाचून गुपचूप घरी परतणारे, आपणही कमी नाही. मीही त्या दिवशी परतलोच की.

येत्या ग्रामसभेला या. वाचनालयाची किल्ली शिपायाकडेच आहे, मी विचारून ठेवलंय.