लीड्समधली घटमांडणी

नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेदहाला फोन वाजला. इंग्लंडमध्ये इतक्या उशिरा कोणी कोणाला फोन करत नाही, आणि अवेळी वाजणाऱ्या फोनचा धसका प्रत्येक परदेशस्थाला असतोच. पोटात गोळा आला. पलीकडे होते आमच्या गल्लीतले सत्तरीचे निवृत्त पोस्टमन. मनातल्या मनात मी त्यांना पोस्टमनकाका म्हणते.

"आली," काका म्हणाले. "यादीत आली. ११४ मिनिटं!"

ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार चित्रपटाची डिस्क विकायची तर आधी बीबीएफसी या मंडळाचं, म्हणजे इथल्या सेन्सॉर बोर्डाचं, वयोगटाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मिळालं की मंडळाच्या संकेतस्थळावर चित्रपटाचं नाव आणि लांबी नोंदली जाते. कंपनी घोषणा करते ती पुष्कळदा त्यानंतर, सवडीनं. मधल्या दिवसांत बातमी कोणी दिलेली नसते, पण ती लपलेलीही नसते. काका रोज झोपण्याआधी ती यादी चाळतात. त्या रात्री त्यांना एका हंगेरियन चित्रपटाचं नाव दिसलं होतं, ज्याच्या चांगल्या प्रतीची ते अकरा वर्षं वाट पाहत होते.

आता मिनिटांचं काय एवढं? तर युरोपातली जुनी डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळवते, त्यामुळे चित्रपट चार टक्क्यांनी आखूड होतो. यादीत १०९ मिनिटं असती तर जुनाच माल नव्या डबीत येणार, असं समजायचं. ११४ म्हणजे पूर्ण लांबी, म्हणजे जास्त स्पष्ट दिसणारी ब्लू-रे डिस्क, म्हणजे बहुधा निगेटिव्हपासून केलेला नवा जीर्णोद्धार. काकांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं आणि "वहीत पेन्सिलीनं लिहिलंय, घोषणा झाली की शाईनं गिरवीन" म्हणून फोन ठेवला.

मी मूळची खामगावची. अंदाज बांधण्याचं शास्त्र आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजं आणि राजाच्या गादीसाठी पानविडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य कुठे सरकलं, विडा जागेवर आहे का, हे बघून पाऊसपाणी, पीक आणि सरकारचं भवितव्य सांगतात. दुसऱ्या दिवशी बाबा ते भाकीत पेपरातून मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी हमखास म्हणायचे, "पाहू आता!"

युरोपीय कलाचित्रपटांच्या डिस्क जमवणाऱ्यांचं वर्ष असंच चालतं. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवातल्या 'क्लासिक्स' विभागात कोणत्या जुन्या चित्रपटांच्या नव्या प्रती आल्या, हे झालं पहिलं ढेकूळ. जूनच्या शेवटी इटलीतल्या बोलोन्याचा 'इल चिनेमा रित्रोवातो' महोत्सव. १९८६ पासून तिथं फक्त सापडलेलं आणि सावरलेलं दाखवतात, रात्री भर चौकात पडदा लावून. ते दुसरं. मग अमेरिकेत कोणत्या वितरकानं काय घेतलं ते बघायचं. जेनस फिल्म्सनं घेतलं असेल तर डिस्क क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. क्रायटेरियन महिन्याच्या मध्याला पुढच्या तिसऱ्या महिन्याची यादी जाहीर करते, त्यामुळे तेरा-चौदा तारखेपासून मंडळींना झोप नसते. आणि कित्येक वर्षं या कंपनीनं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक गमतीशीर रेखाचित्र काढून त्यात वर्षभरातल्या चित्रपटांचे इशारे दडवले. एक मासा, एक शिडी, टोपी घातलेला पक्षी असलं काहीतरी. मग त्यावर दोन-दोन आठवडे काथ्याकूट. यंदा पावसाचं वाहन बेडूक की म्हैस, यावरून आमच्या ओट्यावर होणारी चर्चा मी ऐकलेली आहे. फार फरक नाही.

फरक आहे तो एवढाच, की यांचे अंदाज बऱ्याचदा खरे ठरतात. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ युस्ताशचा 'ला मामाँ ए ला प्युतँ' घ्या. साडेतीन तासांहून लांब, १९७३ साली कानमध्ये ज्युरीचा विशेष ग्रां प्री मिळालेला, आणि नंतर अनेक दशकं वारसा-हक्कांत अडकलेला. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे टीव्हीवरून उतरवलेली धुरकट प्रत होती. या चित्रपटाची डिस्क येणार अशी आवई दर दोन वर्षांनी उठायची आणि विरायची. २०२२ साली कानमध्ये नवी प्रत दाखवली गेली, तेव्हा काकांनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं. जेनसनं ती अमेरिकेतल्या थिएटरांत फिरवली, तेव्हा पेन्सिल थोडी दाबून फिरवली. जानेवारी २०२५ मध्ये क्रायटेरियननं डिस्क काढली. शाई.

हे सगळं मी कौतुकानं आमच्या दादाला सांगितलं. दादा म्हणजे चुलतभाऊ, पुण्यात असतो, फिल्म सोसायटीत मुरलेला. तो म्हणाला, "तुम्ही लोक प्लास्टिकच्या डब्यांचं ज्योतिष बघत बसा. इथं मराठी चित्रपटाला संध्याकाळचा शो मिळत नाही." त्याचं दुखणं जुनंच आहे. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम सक्तीचा करण्याची घोषणा झाली तेव्हाचं महाभारत आठवत असेल. तेव्हापासून तोच वाद ऋतुमानाप्रमाणे येतो: पडदे किती, शो किती वाजता, प्रेक्षक येत नाहीत की येऊ दिले जात नाहीत, अनुदान कोणाला आणि कशावरून. खामगावच्या काकूचा प्रश्न आणखी रोकडा. मागे आली होती तेव्हा माझं कपाट बघून म्हणाली, "हे कायले जमा करतं वं बाई? सारं तं मोबाइलवर दिसते."

दोघांनाही उडवून लावता येत नाही. इथल्या संग्राहकांबरोबर आठ वर्षं काढल्यावर सांगते, यांच्यात बरंच काही हास्यास्पद आहे. दोन-दोन हजार डिस्क घरात, त्यातल्या निम्म्यांची वेष्टनंही फोडलेली नाहीत. बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोळीचा कोपरा दुमडला म्हणून डिस्क परत पाठवणारे मी पाहिलेत. एकाच चित्रपटाची डीव्हीडी, मग ब्लू-रे, मग त्याहूनही स्पष्ट फोर-के, आणि तिसऱ्या वेळी तक्रार अशी की रंगात पिवळसर झाक आलीय. झाक येते, हे खरं आहे, काही युरोपीय लॅबच्या कामाबद्दलचा तो वाद रास्त आहे. पण तासभर त्या पिवळेपणावर बोलून झाल्यावर चित्रपट कशाविषयी होता, हे कोणी बोलत नाही. पुण्यात असताना लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हमध्ये रेघोट्या पडलेल्या प्रिंटवर बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा चित्रपट पाहिला आणि मग फुटपाथवर, तिसऱ्या चहापर्यंत, देव आहे की नाही यावर कडाकडा भांडलो. ग्रेनबद्दल, म्हणजे फिल्मवरच्या बारीक दाण्यांबद्दल, तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. लीड्समध्ये चित्रपट संपला की लोक कोट चढवून, दारातून बाहेर पडणाऱ्या मागच्या माणसासाठी दार धरून, घरी जातात. हे मला अजून टोचतं.

तरीही या वादात मी पोस्टमनकाकांच्या बाजूची आहे, आणि डिस्कच्या प्रेमापोटी नाही. डिस्क उद्या बंद पडतील, पडोत.

अंदाज बांधायला आधी काहीतरी मांडलेलं असावं लागतं. काका वेळ वाया घालवतात असं दादाला वाटतं, पण त्यांचा वेळ ज्यावर जातो त्या सगळ्या नोंदी उघड्यावर आहेत. फ्रान्समध्ये चित्रपटांचे हक्क, विक्री, तारण यांचे करार नोंदवायची सार्वजनिक वही १९४४ पासून आहे, आपल्या सातबाऱ्यासारखी. कोणीही बघू शकतं. तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे, तो सीएनसी या चित्रपट संस्थेकडे जातो आणि त्यातला काही भाग जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारावर खर्च होतो. म्हणजे नवा मारधाडपट बघणारा पोरगा नकळत युस्ताशच्या पिढीला पैसे देतो. चित्रपट कोणाचा, निगेटिव्ह कुठे, पैसे कुठून, हे ठाऊक असतं, म्हणून 'कधी येणार' एवढाच प्रश्न उरतो आणि त्यावर पैजा लागू शकतात.

आपल्याकडे 'कधी' पर्यंत पोचताच येत नाही. कॉपीराइटची नोंदणी आपल्याकडेही आहे, पण ऐच्छिक. निर्माता गेला, मुलांनी हक्क कोणाला दिले, त्यानं उपग्रहाचे वेगळे आणि यूट्यूबचे वेगळे विकले का, हे ऐकीव माहितीवर चालतं. "यूट्यूबवर आहे की!" हे तर आपलं ठरलेलं उत्तर. आहे, खरंच आहे: कोपऱ्यात चॅनलचं बोधचिन्ह, वरून-खालून कापलेली चौकट, गाण्याच्या मधोमध जाहिरात. मराठी चित्रपटाच्या अनुदानावर दादा तासभर बोलतो. त्या पैशातून बनलेला चित्रपट तीस वर्षांनी कुठे आणि कोणत्या स्थितीत असेल, हा मुद्दा त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. पडद्यांची लढाई पहिल्या शुक्रवारची आहे. ती लढावीच, पण पन्नासाव्या वर्षाची लढाई लढायला कोणी उभंच नाही, आणि पुण्यातच २००३ साली नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मच्या, गोदामाला लागलेली आग आपण हळहळ व्यक्त करून विसरून गेलो.

आग इथंही लागते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमध्येच जळाली. पण जळके तुकडे कोणीतरी फेकून न देता अमेरिकेत, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात ठेवले. वीस वर्षांनी बोलोन्याच्या लॅबनं ते ठिसूळ तुकडे ओलावून, हातानं जोडून वाचवले. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भाग त्या मूळ निगेटिव्हमधूनच आला. २०१५ साली ती प्रत न्यूयॉर्कमध्ये दाखवली गेली, तेव्हा डिस्कचा अंदाज काकांनी आधीच वहीत लिहून ठेवला होता.

देशात काहीच होत नाही असं म्हणणारी मी नव्हे. परदेशात बसून नाकं मुरडणाऱ्यांचा मलाही वीट आहे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून हे काम करते आहे. तिनं सावरलेला 'मंथन' २०२४ साली कानमध्ये पोचला, पुढच्या वर्षी राय यांचा 'अरण्येर दिन रात्रि' दाखवला गेला. पुण्याच्या संग्रहातल्या सुमारे २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटींची घोषणा २०२२ साली झाली. पैसे आहेत म्हणायचे. पण सावरलेलं काम सामान्य माणसाच्या घरात कोणत्या वाटेनं येणार, हे सांगणारी यादी कुठे आहे? काका जशी रोज रात्री उघडतात तशी?

एक गंमत सांगते. लंडनच्या 'सेकंड रन' या छोट्या कंपनीच्या डिस्क काकांना सगळ्यात प्रिय. २००५ पासून ते बहुतेक चेक, हंगेरियन, पोलिश चित्रपट काढतात. त्या मांडणीत चेक आणि हंगेरियन नावांच्या मधोमध एकदा मला 'सेल्युलॉइड मॅन' दिसला, शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी पुण्याच्या अर्काइव्हचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावर केलेला. ज्या इमारतीत मी बर्गमन पाहिला, तिची गोष्ट मला लीड्सच्या पोस्टमननं घरी न्यायला दिली. वर म्हणाले, "सांभाळून, छपाई बंद झाली तर पुन्हा मिळणार नाही." दिवाळीला घरी नेण्यासाठी मी त्याच कंपनीच्या दोन ब्लू-रे घेतल्या, कारण त्यांच्या बऱ्याचशा कोणत्याही प्रदेशात चालतात. नाहीतर ब्लू-रेसाठी जगाचे प्रदेश पाडलेले आहेत, ब्रिटन 'बी' प्रदेशात आणि भारत 'सी' मध्ये. इथली डिस्क तिथल्या यंत्रात रुसून बसते. खामगावात गेल्यावर कळलं की रुसायलाही यंत्र उरलेलं नाही. बाबांचा जुना प्लेअर काकूनं भंगारात दिला होता, दोन स्टीलच्या वाट्यांवर.

आता मूळ फोनकडे येते. हंगेरियन चित्रपटाची घोषणा डिसेंबरात झाली, काकांनी शाईनं गिरवलं आणि केक आणला. केक खाता खाता त्यांनी विचारलं, तुझ्या भाषेतला एक चित्रपट सांग, मी त्याच्यावर लक्ष ठेवतो. मी आईचा आवडता, सत्तरच्या दशकातला एक कृष्णधवल चित्रपट सांगितला. काकांनी वहीचं नवं पान उघडलं, नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं आणि पेन्सिल तयार ठेवून म्हणाले, "निगेटिव्ह कुठे आहे? हक्क कोणाकडे आहेत?"

मी तिथूनच दादाला फोन लावला. तो म्हणाला, "थांब, एकाला विचारून सांगतो." त्याला आता सात आठवडे झाले. दादानं दोघांना विचारलं, त्यांनी आणखी एकाचं नाव सांगितलं, तो कोल्हापूरला असतो म्हणे. पोस्टमनकाका दर रविवारी विचारतात.