परभणीतली तरंगती फरशी

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि मी घरात तरंगती फरशी घालायची ठरवली. तरंगती म्हणजे खाली खिळा नाही की डिंक नाही. जुन्या टाइल्सवर फोमचं पातळ अंथरूण पसरायचं, त्यावर लाकडासारख्या पट्ट्या एकमेकींत खटकन अडकवायच्या, की अख्खी जमीन आपल्याच वजनावर पडून राहते. फोडाफोड नाही, मिस्त्री नाही. शिवाय खोक्यावर ‘मेड इन जर्मनी’ छापलेलं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणत लहानाचा मोठा झालेल्या माणसानं आणखी काय बघायचं?

माहितीपत्रकात लिहिलं होतं : खोकी फोडण्याआधी 48 तास त्याच खोलीत आडवी ठेवा, तिथल्या हवेची सवय होऊ द्या. मे महिना, बाहेर 43 अंश. आठ खोकी पंख्याखाली पहुडलेली बघून आई म्हणाली, “धोंड्यात जावयाचं बी इतकं करत न्हाईत.”

दुसरी अट मात्र मला पटेना. भिंतीलगत चारी बाजूंनी 10 मिलिमीटर फट सोडा म्हणे. पैसे अख्ख्या खोलीचे मोजलेत, फट काय म्हणून सोडायची? मी पट्ट्या भिंतीला भिडवून ठोकल्या. हातोडी थेट पट्टीवर मारायची नसते, मध्ये लाकडी ठोकळा धरायचा असतो. तेवढं मी पाळलं. अंगठ्याचं पत्रकात काही नव्हतं.

पुतण्या मधेमधे लुडबुडू नये म्हणून दार लावून घेतलं होतं. संध्याकाळी दारापाशी शेवटची रांग बसवली, कंबर सरळ केली, स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि कडी काढून दार ओढलं. हललं नाही. दार आत उघडतं. त्याच्याखाली 6 मिलिमीटर जागा; फोम 2, पट्टी 8. बेरीज चौथीच्या पोराला जमली असती.

“अहो, चहा झालाय,” बाहेरून बायको.

“खिडकीतून दे.”

मग गल्ली जमली. पट्टी उचकटावी तर भिंतीला इतकी गच्च बसवलेली, की नखही शिरेना. अखेर सुताराला बोलावलं. त्यानं खिडकीच्या गजातून पटाशी आत दिली आणि बाहेर उभा राहून मला शिकवत राहिला. दोन पट्ट्यांचा भुगा केला तेव्हा माझी सुटका झाली. आत येऊन त्यानं दार उतरवलं, खालून रंधा मारला आणि कोपऱ्यात बसून फरशीवर बोट फिरवलं.

“भिंतीला फट न्हाई ठेवली व्हय, साहेब? लाकूड फुगतंय पावसाळ्यात.”

“ते सागाचं. हे जर्मन आहे.”

तो काही बोलला नाही. मजुरी मात्र वाढवून घेतली.

रोजच्या पुसण्याचा प्रश्न वेगळाच. या फरशीवर बादलीभर पाणी ओतून चालत नाही. फडकं घट्ट पिळून घ्यायचं, सांध्यात पाणी मुरू द्यायचं नाही. कामाच्या मावशींना हे सांगितलं, तर त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. “मग कशानं पुसू? फुंकर मारू का?”

जुलैत हवा ओली झाली आणि जर्मनीनं सुताराचं ऐकलं. दाबलेल्या भुश्शाच्या त्या पट्ट्या फुगल्या, भिंतीकडे जागा मिळेना, म्हणून मधोमध वर उठल्या. पलंगापासून कपाटापर्यंत लांबच लांब उंचवटा. आईनं त्याचं नाव बालाघाट ठेवलं. “बालाघाटावर पाय नको देऊस, कडाकडा वाजायलाय,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. सुतार पुन्हा आला, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी काढली आणि चारी भिंतींलगत करवतीनं 10 मिलिमीटर फट पाडून दिली. दोन दिवसांत डोंगर बसला. स्कर्टिंग परत लावल्यावर फट कुठं गेली ते मला आजही सापडत नाही. ती दिसतच नसते, हे मला आधी कोणी सांगायचं?

आता फरशी छान दिसते. पाहुणे चप्पल बाहेर काढून येतात, वाकून हात लावतात, भाव विचारतात. पण लाकडाला टाइलचा गारवा कुठला? यंदाच्या मेमध्ये दुपारी कूलरसकट लाईट गेली, तशी घरातली सगळी मंडळी उशा घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. तिथं जुनी टाइल अजून उघडी आहे. मावशींनी तीवर मनसोक्त पाणी शिंपडलं, आई डोक्याखाली हात घेऊन आडवी झाली. मीही गेलो. शेगडीजवळची जागा तेवढी उरली होती.