भर दुपारी लावलेले दिवे

शिक्षणात मी फारसे दिवे लावले नाहीत. ती कसर यंदाच्या मे महिन्यात माझ्या गाडीनं भरून काढली, तीही भर दुपारी बारा वाजता.

पहिल्यांदा आमच्या कट्टा गावच्या बाजारात एका मासळीवालीनं हात वर करून पाची बोटं मिटली-उघडली, मिटली-उघडली. पुढे सलूनवाल्यानं तेच केलं. त्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं, त्यानंही टॉवेलातून हात काढून तेच केलं. ही खूण आपल्याकडे पोराला बोलता यायच्या आधी कळते. अर्थ एकच: लाइट चालू आहे, बॅटरी उतरेल. इंजिन चालू असताना बॅटरी सहसा उतरत नाही, हे सांगून उपयोग नसतो. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा हेडलाइट कायमचा चालू ठेवायचा नियम आला, तेव्हा आमच्या बाजारानं पुढची दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नव्या बाइकला बोटं मिटून-उघडून दाखवली. मग हात दुखले असावेत.

माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर 'ऑटो' असं लिहिलेलं आहे. अंधार पडला की दिवे आपोआप लागतात, उजाडलं की विझतात. कशेडीच्या बोगद्यात शिरताच दिवे लागले, तेव्हा मी बायकोकडे असं बघितलं होतं की जणू ते मीच फुंकर मारून पेटवले. आता तेच दिवे टळटळीत उन्हात जळत होते. दांडी फिरवून बंद करता आले असते, नाही असं नाही. पण वरच्या मॉडेलचे पैसे मोजले ते हातानं दिवे लावायला?

खरी अडचण अशी की आमच्या रस्त्यावर दिव्यांना भाषा आहे. समोरच्यानं दिवसा लाइट मारला की पुढे पोलीस उभे आहेत. त्या आठवड्यात माझी गाडी दिसताच हेल्मेट नसलेली दोन पोरं वळून काजूच्या बागेत शिरली. एका एस्टीच्या ड्रायव्हरनं तर अरुंद रस्त्यावर खिडकीला खिडकी लावून गाडी थांबवली. "पुढे आरटीओ आसा?"

"नाय हो, सेन्सर बिघडलोहा."

"खय? ओसरगावाक?"

दुपारच्या दिव्यांचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. त्या शनिवारी मिक्सर दुरुस्तीला टाकायला मी कुडाळला निघालो, आई पुढच्या सीटवर होती. एसी लागला की ती पाचव्या मिनिटाला मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपते. म्हणजे बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच: दिवे लावून भरधाव चाललेली गाडी, रस्ता कसालकडचा, पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि पुढच्या सीटवर तोंड वासलेली म्हातारी. कसालच्या तिठ्यावर पोचेपर्यंत काकीचा फोन आला. आवाज रडवेला. "वयनी बोलतत काय रे?" मी फोन आईच्या हातात दिला. आईनं डोळे उघडले आणि कोण, काय, कसं काही न विचारता काकीला सांगितलं, "माका हयच मरूचा नाय. आधी मिक्सर होवंदे." तरी संध्याकाळी परतलो तेव्हा ओटीवर चारजण बसलेले होतेच, आणि त्यांना चहा करावा लागला.

मग मी गाडीचं पुस्तक काढलं. त्यात कळलं की दिवे किती अंधारात लागावेत, ते स्क्रीनवर कमी-जास्त करता येतं. मात्र गाडी उभी पाहिजे. उभी केली. पण गाडीला रात्र वाटत असल्यामुळे स्क्रीनही रात्रीची झाली होती, काळी आणि मंद. उन्हात त्यावर माझ्या नाकाशिवाय काही दिसेना. शेवटी मी डोक्यावरून पंचा घेतला, स्क्रीनसकट पंच्याच्या आत शिरलो आणि 'सेन्सिटिव्हिटी' शोधू लागलो. शेजारचे तात्या काचेवर टकटक करीत म्हणाले, "सर्दी झालीहा? वाफ घेतंस?"

सेन्सिटिव्हिटी सगळ्यात खाली आणली. गाडी ढिम्म. तिची रात्र चालूच.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. आदल्या दिवशी बायकोनं ओल्या फडक्यानं गाडी आतून-बाहेरून पुसून काढली. डॉक्टरकडे जाताना आपण पाय धुतो, तसंच ते. तिथल्या पोरानं डॅशबोर्डवर काचेलगत असलेलं, शर्टाच्या बटणाएवढं काळं बोंडूस मला दाखवलं. हाच सेन्सर. त्यानं त्यावर तळवा ठेवला, दिवे लागले. मोबाइलचा टॉर्च धरला, थोड्या वेळानं विझले. "ओके आहे काका," तो म्हणाला. मला स्वतःचीच शंका आली. तीन दिवस दिवे शहाण्यासारखे वागले. शुक्रवारी दुपारी सलूनवाल्यानं पुन्हा हात वर केला.

मी गाडी बाजूला घेतली आणि त्या पोरासारखा स्वतःच बोंडसाला हात लावला. बोट चिकटलं. वर काळपट लाल, वाळलेल्या पाकासारखं काहीतरी. वास घेतला. मग, हे सांगताना जरा लाज वाटते, पण चाटलं. खारट आणि सणसणीत आंबट.

घरी आलो तर दाराजवळच्या खिळ्यावर रोज टांगलेली असते ती गाडीची चावी आज माझ्याच खिशात होती, म्हणून आई वैतागून बसली होती. शेजारी परात. परातीत कोकमाच्या साली, मिठाच्या रसात तिसऱ्यांदा बुडवून काढलेल्या.

"गाडी खय नेलंस? माजी सोलां रवली."

मी एरवी दुकानात स्कूटरवरून जातो. गाडी दिवसभर अंगणात. गेले पंधरा दिवस मी निघालो की आई डॅशबोर्डवर जुनं लुगडं अंथरून त्यावर सोलं पसरत होती आणि मी यायच्या आत उचलत होती. लुगड्यातून पाझरलेला रस काचेकडच्या उतारानं थेट सेन्सरवर. गाडीतला आंबूस वास मी इतके दिवस नव्या गाडीचा वास समजत होतो.

"आये, अंगण काय कमी पडला?"

"अंगणात वांदरां येतत. गाडयेत येतली? उन्हात उभी रवान फुकट तापता नुसती."

ह्याला उत्तर नव्हतं. मी बोंडूस कोमट पाण्यानं पुसलं, दिवे विझले आणि सोलांची परात डाव्या बाजूच्या सीटवर हलवण्याचा तह झाला.

पुढच्या आठवड्यात दुपारीच आभाळ भरून आलं, कट्ट्याच्या बाजारात अंधारलं आणि दिवे लागले. ह्या वेळी गाडीचंच बरोबर होतं, तरी मासळीवालीनं छत्रीतून हात काढून बोटं मिटली-उघडली. मीही काचेतून बोटं मिटली-उघडली. आई मागच्या सीटवर मांडीवर परात घेऊन, पावसाकडे बघत गप्प बसली होती. घाटी उतरल्यावर तिनं पुढे वाकून डॅशबोर्डवरच्या बटणांवरून नजर फिरवली.

"काचेर गरम वारो सोडता, ता बटन खयचा रे?"