खुलासा: बेसबॉल दारूबंदीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

मंडळी, काल अमळनेरच्या आपल्या क्रिकेट ग्रुपवर मीच टाकलं होतं, अमेरिकेत बेसबॉल टीमनं ड्रेसिंग रूममधे दारू बंद केली अन् ते पाहून तिथली पोरं दारूपासून लांब गेली. हे चुकीचं आहे, सॉरी. त्या वेळच्या बातम्या काढून वाचल्या, एप्रिल २००७ मधे सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल टीमचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) जॉश हॅनकॉक दारू पिऊन गाडी चालवताना अपघातात गेला, त्यानंतर टीमनं बंदी केली, कारण खेळाडूंच्या जिवाचं होतं. पोरांचा त्यात विषयच नाही. अन् स्टेडियममधे बियर विकणं चालूच राहिलं भो, स्टेडियमचं नावच बुश, बियरवाल्यांचं! आपल्याकडे टेनिस बॉल टूर्नामेंटला बाउंड्रीमागे ग्लास घेऊन बसतात, तिथून बॉल आणायला बारा वर्षाचं पोरगं जातं, मला त्याची जास्त काळजी वाटते. जुना मेसेज डिलीट करा, जिथं पाठवला तिथं हा टाका.