खुलासा : ‘आरोपीने गुन्हा करून दाखवला, म्हणजे शिक्षा पक्की’ हा मेसेज चुकीचा आहे

पोलीस आरोपीला घटनास्थळी नेतात, घटनाक्रम करून दाखवायला लावतात आणि त्याचा व्हिडिओ फिरतो. सोबत ओळ : ‘कबुली कॅमेऱ्यात आली, आता सुटका नाही.’ तसं नाही.

याला बातम्यांत नाट्यरूपांतर, प्रात्यक्षिक, पुनर्रचना किंवा सीन रिक्रिएशन म्हणतात. नाव कुठलंही असो, कोठडीतल्या आरोपीने पोलिसांपुढे बोलून किंवा हातवारे करून दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम २३ हेच सांगतं. त्याआधीच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम २५ ते २७ मध्ये होती. कबुली ग्राह्य हवी तर ती दंडाधिकाऱ्यांपुढे, स्वेच्छेने.

या कलमात अपवाद एकच, आणि गोंधळ तिथेच होतो. आरोपीच्या माहितीवरून नवी गोष्ट सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग चालतो. ‘सुरा विहिरीमागच्या झुडपात टाकलाय’ हे चालेल. ‘त्याच सुऱ्याने भोसकलं’ हे गळतं. पुलुकुरी कोटय्या खटल्यातल्या १९४६ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) निकालापासून हा नियम पक्का आहे. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर ती दाखवण्याला फारशी किंमत उरत नाही. पंच फितूर झाले की पंचनामाही लंगडा पडतो.

मग प्रात्यक्षिक कशाला? अंतर, उजेड, वेळ यांचा मेळ बसतो का हे तपासायला. तपासाला ते उपयोगी आहेच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.