सहावं मत

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीचा जुना व्हिडिओ टाकला. रस्ताभर पत्रकांचा खच, टपावर बसलेली पोरं, गळ्यात हार, मागं ढोल. त्याखाली आमच्याच एका मित्रानं लिहिलं, "बरंय बाबा, आपल्याकडं ही थेरं नव्हती. म्हणून शिकलो तरी." पाच मिनिटांत त्यावर अकरा अंगठे.

हे वाक्य नेमकं त्यानं लिहावं, याचं मला हसू आलं. का, ते पुढं येईलच.

आपल्याकडं निवडणूक नव्हती हे खरं नाही. होती की. पंधरा मतदारांची.

ज्यांचं कॉलेज १९९४ नंतर महाराष्ट्रात झालं त्यांना ही भानगड माहीत असेल, किंवा अजिबात माहीत नसेल. कारण ती व्हायचीच बंद केबिनमध्ये. त्या वर्षीच्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान गेलं आणि गुणवत्ता आली. प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेत पहिला आलेला एक जण वर्गप्रतिनिधी. शिवाय खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिकमधून प्राचार्यांनी नेमलेला एकेक. शिवाय प्राचार्यांनीच नेमलेल्या दोन मुली. या सगळ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, म्हणजे आमच्या भाषेत यू.आर., युनिव्हर्सिटी रिप्रेझेंटेटिव्ह. आमच्याकडं आर्ट्स, कॉमर्स, सायन्सचे मिळून नऊ वर्ग, अधिक सहा नेमलेले. झाले पंधरा. बाकीच्या दीड-दोन हजार पोरापोरींनी नोटीस बोर्डावर निकाल वाचायचा.

२००३ साली मी एस.वाय.बी.एस्सी.ला होते. एफ.वाय.ला वर्गात पहिली आले, एवढाच माझा राजकीय प्रवास. शिपाईमामा तासाला नोटीस घेऊन आले, सरांनी माझं नाव वाचलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी कुणाची प्रतिनिधी झाले होते? ज्यांनी मला कधी निवडलंच नव्हतं त्यांची.

तरी मी यू.आर.ला उभी राहिले. कारण सांगायला लाज वाटू नये, पण वाटते. लेडीज रूमच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर दार ओढून धरायचं, असं आमचं वर्षभर चाललेलं. ऑफिसात तीन अर्ज दिले होते, तिन्ही वेळा "बघतो" म्हणाले. म्हटलं, यू.आर. झाले तर पहिलं काम हे.

समोर होता खेळातून नेमलेला एक मुलगा. कबड्डीपटू, दिसायला रुबाबदार, आणि तालुक्यातल्या एका बड्या घरचा भाचा. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी चौदाही जणांना भेटले, वहीत नावं लिहून. एन.सी.सी. आणि एन.एस.एस.चे दोघं तोंडावर म्हणाले, "ताई, आमचं ठरलंय." बाकीच्यांपैकी नऊ जणांनी मला शब्द दिला. माझं धरून दहा. त्या रात्री मी आईला सांगितलं, आलेच म्हणून समज.

मतदानाच्या चार दिवस आधी आठ जण गायब झाले. त्यातला एक तो स्वतः, उरलेले सात मतदार, बहुतेक सगळे आपापल्या वर्गात पहिले आलेले. दोन सुमो गणपतीपुळ्याला गेल्या होत्या. देवदर्शनाला.

त्यात टी.वाय.बी.एस्सी.चा एक मुलगाही होता. रोज एस.टी.नं बावीस किलोमीटरवरून यायचा, त्याच्या आदल्या वर्षीच्या जर्नलवरून मी माझं जर्नल उतरवायचे. तो माझा हक्काचा मतदार. घरी म्हणे एका दिवसाची सहल सांगून गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची आई कॉलेजात आली. ऑफिससमोरच्या चिंचेखाली बसली, हातात कापडात बांधलेला डबा. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, "परीक्षेला नेलंय का गं त्याला कुठं?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार? मग डबा माझ्याकडंच देऊन गेल्या. त्यातल्या भाकरी आम्ही दोघी मैत्रिणींनी खाल्ल्या.

त्याच संध्याकाळी दोन पांढरे सदरे आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. अत्यंत अदबीनं बोलत होते. "ताईंनी अभ्यासात लक्ष घालावं असं आम्हाला वाटतं." बाबांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, परत येऊन माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि बातम्या लावल्या. अर्ज मागं घे, असं म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मतदानाच्या दिवशी साडेदहाला दोन्ही सुमो थेट पोर्चमध्ये. आठही जणांच्या अंगात सारखे निळे टी-शर्ट, घड्या न मोडलेले. एकाच्या हातात आंबावडीची पिशवी. माझा जर्नलवाला मित्र उतरला तेव्हा त्याच्या सँडलमधून पोर्चच्या फरशीवर वाळू सांडली. ती बघताना त्याची मान खाली होती, आणि ती वर आलीच नाही. प्राचार्यांच्या टेबलावर खडूच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून मतपेटी केलेली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

तो ९, मी ६.

आता हिशेब बघा. सुमोतले आठ आणि उघड विरोधातले दोन, म्हणजे दहा. राहिले पाच, माझ्यासकट. मला सहा पडली. त्या दिवशी हरण्याचं दुःख होतंच, पण रात्रभर डोक्यात एकच चाललं होतं, सहावं कुणाचं?

या "गुणवत्तेच्या" पद्धतीचं मला हसू येतं ते असं. २०२२ साली आपले आमदार सुरत करून गुवाहाटीला गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र आ वासून टीव्हीसमोर बसला होता. मला नवल वाटलं नाही. मी ते पोर्चमध्ये उभी राहून बघितलं होतं, फक्त झाडी-डोंगराऐवजी समुद्र होता.

थेट निवडणूक बंद का झाली, हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय म्हणाल. माझा मामा ऐंशीच्या दशकात मुंबईत शिकला. निवडणुकीच्या आठवड्यात गेटबाहेर हॉकी स्टिका घेऊन उभी असणारी, कॉलेजात नावसुद्धा नसलेली माणसं त्यानं पाहिलीत. १९८९ मध्ये ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा मुंबईत खून झाला. ज्या घरातलं पोर गेलं त्यांच्यासमोर जाऊन लोकशाहीवर भाषण देण्याची माझी तरी हिंमत नाही. भीती खरी होती. उपाय मात्र असा निघाला, की मारामारी करणारे बाहेरचे होते आणि मतदानाचा हक्क गेला आतल्यांचा.

आणि ते बाहेरचे गेले का? कुठं गेले? त्यांचं काम उलट सोपं झालं. दीड हजार पोरांना पटवायचं तर वर्गावर्गात जावं लागतं, सभा घ्यावी लागते, प्रश्न ऐकून घ्यावे लागतात, एखादी पोरगी उभी राहून चारचौघांत अपमान करते तोही सोसावा लागतो. पंधरा जणांना दोन सुमो पुरतात.

माझा मुद्दा एवढाच आहे. मतदार जितके कमी, तितके ते गाडीत मावतात.

दिल्लीचा व्हिडिओ टाकणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तिथला पैशाचा खेळ किळसवाणा आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीनं २००६ साली विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम घालून दिले, सुप्रीम कोर्टानं ते लागू केले. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टर नाही, फक्त हातानं केलेलं. त्यावर दिल्लीच्या पोरांनी काय शोधून काढावं? नावाच्या स्पेलिंगमध्ये मुद्दाम चूक करून पोस्टर छापायचं, म्हणजे हा मी नव्हेच म्हणायला मोकळे. २०२४ मध्ये तर भिंती इतक्या बरबटल्या की साफसफाई होईपर्यंत हायकोर्टानं मतमोजणीच थांबवली. सप्टेंबरची मतं नोव्हेंबरात मोजली.

पण त्याच दिल्लीत मी दुसरंही पाहिलंय. मावसबहीण जे.एन.यू.त होती. तिथल्या निवडणुका लिंगडोह नियमांवरूनच २००८ मध्ये अडकल्या होत्या, त्या २०१२ ला पुन्हा सुरू झाल्या. त्यानंतर एका वर्षी मी कामासाठी दिल्लीत होते, तर ती म्हणाली, चल, आज झेलम हॉस्टेलच्या लॉनवर अध्यक्षपदाचा डिबेट आहे. रात्री उशिरापर्यंत चालला. डफल्या, घोषणा, एकमेकांना ओरडून गप्प करणं, सगळं होतं. निम्मं भाषण पॅलेस्टाईनवर आणि अमेरिकेवर, त्याचा मला कंटाळाही आला. आणि मग गर्दीतून एकानं उठून विचारलं, आमच्या हॉस्टेलच्या मेसचं बिल का वाढलं आणि तू गेल्या वर्षी कुठं होतास? माईकवरचा उमेदवार दोन क्षण गप्प. मग काहीतरी जुळवून बोलला, लोक हसले.

त्या दोन क्षणांसाठी मी तिथं अजून चार तास बसले असते. आमच्या यू.आर.ला कडीबद्दल असं कुणी विचारूच शकत नव्हतं.

गंमत म्हणजे कडी त्यानंच बसवली. दिवाळीनंतर एकदा कॉरिडॉरमध्ये मीच त्याला थांबवून सांगितलं, तर तो चक्क ओशाळला. "अगं, मला माहीतच नव्हतं." आठ दिवसांत सुतार आला. माहीत कसं असणार? मुलींच्या एकाही घोळक्यापुढं त्याला मत मागायला उभं राहावं लागलं नव्हतं.

आता नवा कायदा आहे. २०१६ चा, १ मार्च २०१७ पासून लागू. त्यात थेट मतदान परत आलं. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळ्यांना कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी निवडायचं. कागदावर. २०१९ ला वेळापत्रकही निघालं होतं, मग विधानसभा आली म्हणून पुढं ढकललं, मग कोरोना आला. त्यानंतर कारणंसुद्धा कुणी धड दिली नाहीत. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत अठरा वर्षांच्या पोराचं मत चालतं, कॉलेजात म्हटलं की त्याचं वय आठवतं.

आणि या नव्या कायद्यातही एक सुमो उभी आहेच, हे बोलायला हवं. कॉलेजचा अध्यक्ष थेट निवडायचा, पण विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष मात्र निवडून आलेल्या या पदाधिकाऱ्यांनी आपल्यातून निवडायचा. म्हणजे जो सिनेटवर, विद्यापीठाच्या अधिसभेवर बसणार, फीवाढीवर बोलू शकणार, परीक्षेच्या गोंधळावर जाब विचारू शकणार, तो पुन्हा मोजक्या मतदारांचा. पंधराऐवजी काहीशे, फार तर काही हजार असतील. सुमोच्या जागी बसेस लागतील, एवढाच फरक. तेही थेट करा की. अवघड आहे, लाखो विद्यार्थी आहेत, मान्य. पण विद्यापीठं एवढ्याच लाखोंच्या परीक्षा घेतात ना? (बरं, हे उदाहरण नको.)

तर तो व्हॉट्सॲपवरचा मित्र. "ही थेरं नव्हती" म्हणणारा. तो तोच, जर्नलवाला. आता बँकेत आहे, दोन पोरांचा बाप. त्या निवडणुकीनंतर त्याच वर्षीच्या गॅदरिंगला तो माझ्याशेजारी येऊन बसला होता. आपणहून म्हणाला, "मी समुद्र पहिल्यांदाच बघितला गं. आणि मला तोवर कुणी कुठं चल असं म्हटलंच नव्हतं." त्यावर रागवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा ग्रुपवर मी त्याला एवढंच लिहिलं, "सँडलमधली वाळू झाडलीस का रे?" त्यानं हसणारे चार चेहरे टाकले. मग रात्री अकराला वेगळा मेसेज आला.

"तेव्हा मत कुणाला दिलं, ते तू मला कधी विचारलं नाहीस."

"गुप्त मतदान होतं," मी लिहिलं.