रस कोंडला जात नाही, तरी तवा शेवटीच

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिचा सारांश असा: स्टेक (मांसाचा जाड काप) आधी कडकडीत तव्यावर भाजायला हवा, म्हणजे रस आत कोंडला जातो, त्यामुळे माझा 'आधी धुरी, मग तवा' हा क्रमच उलटा आहे. कच्चं मांस तासभर मंद धुरात ठेवणं धोक्याचं आहे. आणि माझ्या कृतीप्रमाणे केलेला स्टेक कडू झाला, बाहेरून उकडल्यासारखा राखाडी दिसला, शेवटी टाकून द्यावा लागला.

कडूपणापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. लाकडाच्या ढलप्या अर्धा तास पाण्यात भिजवा असं मी लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं. अर्ध्या तासात लाकडात पाणी फारसं मुरतच नाही. वरवर जे लागतं ते आधी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ लाकूड नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून जो दाट पांढरा धूर निघतो तोच मांसावर कडवट, डांबरासारखा थर चढवतो. आपल्याला हवा तो धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा. लाकडातलं लिग्निन चांगलं तापून फुटलं की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात आणि धुरीचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच. म्हणून ढलप्या कोरड्या, एका वेळी मूठभरच, आणि धुरीच्या शेगडीचा वरचा झरोका उघडा. पहिला पांढरा लोट निघून जाऊ द्यायचा आणि मगच मांस आत ठेवायचं. लाकूड ओक, हिकरी किंवा सफरचंदाचं चालतं. पाइनसारखं राळेचं लाकूड अजिबात नको, आणि ओलं, नुकतं तोडलेलंही नको. कृतीतलं ते वाक्य मी आज काढून टाकलं आहे. तुमचा चांगला तुकडा वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता रस कोंडण्याबद्दल. ही कल्पना तुमची एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकात युस्टस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघरात मुक्काम करून आहे. पण तव्यावर तुकडा टाकल्यावर कान देऊन ऐका. तो जो चर्र आवाज येतो, तो मांसातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. कवच पक्कं बसून रस कोंडला असता तर आवाज थांबायला हवा होता. तो शेवटपर्यंत थांबत नाही. नंतर ताटलीत रस साचतो तोही त्याच कवचातून आलेला असतो. रस किती टिकेल हे मुख्यतः आतलं तापमान कुठवर गेलं यावर ठरतं. ५० अंशांच्या पुढे मांसातले तंतू आक्रसू लागतात, ६५ च्या पुढे चांगलेच पिळले जातात, आणि मग बाहेरून कितीही खरपूस कवच असलं तरी आतला तुकडा कोरडाच.

मग तवा हवाच कशाला? चवीसाठी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं, तीच मांसाचा पृष्ठभाग तपकिरी आणि खमंग करते. साधारण १४० अंशांच्या वर ती जोरात चालते. पृष्ठभाग ओला असेल तर तो १०० च्या आसपासच अडकून राहतो, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. गार पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते! तुमचा राखाडी रंग इथेच आला असावा. धुरीतून निघालेला तुकडा राखाडी आणि निस्तेजच दिसतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण त्याला तसाच ओलसर, पुरेशा न तापलेल्या तव्यावर टाकलं की रंग येईपर्यंत वाट बघावी लागते आणि तोवर आतलं सगळं शिजून जातं. आदल्या रात्री मीठ चोळून, न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. धुरीनंतर कागदाने टिपून घ्या. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, तुकड्याला तेलाचा पातळ हात लावा, एका बाजूला एक मिनिट, दुसऱ्या बाजूला एक मिनिट. कडेची चरबी चिमट्याने उभी धरून भाजायला विसरू नका, मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो.

क्रमामागे आणखी एक कारण आहे आणि ते मी मूळ लेखात नीट सांगितलं नव्हतं. धूर गार, ओलसर पृष्ठभागाला चांगला चिकटतो. आधी तव्यावर कोरडं कवच करून घेतलंत तर धुराला धरायला फारसं काही उरत नाही. म्हणजे तुमच्या क्रमाने केलेला स्टेक वाईट होणार नाही, पण त्यात धुरी नावापुरती राहील.

सुरक्षिततेचा तुमचा मुद्दा मात्र गांभीर्याने घेण्यासारखा आहे. अखंड तुकड्यात जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि त्यांचा निकाल शेवटचा तापलेला तवा लावतो. ११० अंशांच्या धुरीत चार सेंटिमीटर जाडीचा तुकडा पाऊण ते एक तासात आतून ५० अंशांपर्यंत पोचतो, हा वेळ फार नाही. पण सुया टोचून मऊ केलेलं मांस किंवा खिमा यांना हे लागू नाही, तिथे पृष्ठभागावरचे जंतू आत गेलेले असतात. शिवाय अमेरिकेचं कृषी खातं अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा सांगतं. मी ५४ ला थांबते, म्हणजे त्याहून कमी. गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर ६३ च करा. हे मी आधीच लिहायला हवं होतं. आणि कोळसा घरात, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा, पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्या तुकड्याची जाडी किती होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन सेंटिमीटरहून कमी असेल तर ही पद्धत त्याला नकोच होती. तो धुरीत पुरता मुरायच्या आत शिजून जातो, त्याला सरळ तवाच दाखवावा. जाडी आणि धुरीतून काढतानाचं आतलं तापमान, एवढे दोन आकडे कळवाल का? म्हणजे कडूपणाशिवाय आणखी कुठे बिनसलं ते मला सांगता येईल.